अमेरिकन–जर्मन ऊर्जासहकार्य

अमेरिकन–जर्मन ऊर्जासहकार्य : अमेरिकेची संयुक्त संस्थाने व जर्मनी या दोन उद्योगप्रधान राष्ट्रांनी कोळसा, वीज, हवा-प्रदूषण व हवामानबदल यांसंबंधी द्वितीय महायुद्धानंतर परस्परसहकार्याने आखलेली धोरणे, त्यांतील मतभेद व दोहोंपुढील समान प्रश्न यांचा निर्देश या संज्ञेने होतो. या सहकार्याचा काही भाग करारबद्ध आहे. काही भाग तंत्रविद्येच्या देवाणघेवाणीतून आणि एकाने दुसऱ्याच्या कायद्याचे अनुकरण करण्यातून घडलेला आहे. त्याचे परिणाम या दोन देशांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे उभ्या असलेल्या ३,३०० मेवॉ. क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राची तंत्रविद्या, त्यास लागू होणाऱ्या प्रदूषणविषयक मर्यादा आणि त्याच्या भवितव्याचा प्रश्न या तिन्ही गोष्टींवर या सहकार्याची कमी-अधिक छाया पडलेली दिसते. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत विषयाचे विवेचन तिरोड्याच्या उदाहरणाच्या अनुषंगाने केले आहे.

पार्श्वभूमी : द्वितीय महायुद्ध संपले, तेव्हा जर्मनीतील रुर खोऱ्यातील कोळशाच्या खाणींचे उत्पादन कोसळले होते. सबंध पश्चिम यूरोपातील कारखाने व रेल्वे या कोळशावर अवलंबून असल्याने रुरचे पुनरुज्जीवन हा यूरोपच्या पुनर्रचनेतील कळीचा प्रश्न बनला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ५ जून १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठातील भाषणात मांडलेल्या योजनेनुसार १९४८ ते १९५२ या काळात यूरोपीय राष्ट्रांना सु. १,३०० कोटी डॉलरची मदत मिळाली, तींपैकी सु. १४० कोटी डॉलर पश्चिम जर्मनीच्या वाट्यास आले. १९४९ मध्ये रुरच्या कोळसा व पोलादाच्या वाटपावर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले आणि १९५१ च्या पॅरिस तहाने त्याच्या जागी यूरोपीय कोळसा व पोलाद समुदाय आला. या समुदायास अमेरिकेचा पाठिंबा होता.

मार्शल योजनेतील मदतीचा हिशेब ठेवण्यासाठी व त्यातून निर्माण झालेला निधी पुनर्रचनेच्या कामी कर्जरूपाने देण्यासाठी पश्चिम जर्मनीत १९४८ साली ‘पुनर्रचना पतसंस्था’ या अर्थाचे नाव असलेली के. एफ. डब्ल्यू. ही बँक स्थापन करण्यात आली. कर्जफेडीतून परत आलेला पैसा पुन्हा कर्जाऊ देण्याची पद्धत तिने अनुसरल्यामुळे मूळ निधी आटला नाही. देशाची पुनर्रचना झाल्यावर ही बँक विकसनशील देशांना कर्जे देऊ लागली. महाराष्ट्रातील धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मिती कंपनीने उभारलेल्या १२५ मेवॉ. क्षमतेच्या सौर वीज केंद्रास याच बँकेने कर्ज दिले. अमेरिकन मदतीतून जन्मलेल्या जर्मन संस्थेचा हात अशा रीतीने खानदेशापर्यंत पोहोचला.

१९७३ मधील अरब–इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा दोन्ही देशांना परावलंबनाची जाणीव एकाच वेळी झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये वॉशिंग्टन येथे तेल आयात करणाऱ्या राष्ट्रांची परिषद भरली व त्याच वर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरणाची पॅरिस येथे स्थापना झाली. अमेरिका व पश्चिम जर्मनी हे दोघेही त्याचे संस्थापक सदस्य होत. तेलाचे राखीव साठे ठेवणे आणि टंचाईच्या काळी ते वाटून घेणे, हे अभिकरणाचे मूळ उद्दिष्ट होते. या संकटाचा आणखी एक परिणाम असा, की दोन्ही देशांनी विजेसाठी कोळशाचा वापर अधिक निश्चयाने चालू ठेवला. पुढील हवामानविषयक अडचणींची काही मुळे या निर्णयात आहेत.

तंत्रविद्या : पाण्यावरील दाब वाढवीत नेला असता ते अधिकाधिक उच्च तापमानास उकळते. सु. २२१ बार दाब व ३७४° से. तापमान यांच्या पलीकडे मात्र पाणी व वाफ यांतील भेदच नाहीसा होतो. या अवस्थेस क्रांतिक बिंदू म्हणतात व त्यापलीकडे चालणाऱ्या बाष्पित्रास अतिक्रांतिक बाष्पित्र म्हणतात. अशा बाष्पित्रात पाणी व वाफ वेगळी करणारे पिंप लागत नाही. एका टोकाने नळीत शिरलेले पाणी दुसऱ्या टोकाने थेट वाफ होऊन टरबाइनाकडे जाते. दाब व तापमान जितके अधिक, तितका त्याच उष्णतेतून वीज म्हणून मिळणारा हिस्सा अधिक, असे ऊष्मागतिकीचे तत्त्व आहे. परिणामी दर युनिटामागे कोळसा कमी लागतो आणि कार्बन डाय-ऑक्साइडही कमी निर्माण होतो.

या कल्पनेचे एकस्व मार्क बेन्सन यांनी १९२२ मध्ये घेतले. बर्लिनच्या सीमेन्स कंपनीने पुढे ते हक्क विकत घेऊन एकमार्गी बाष्पित्राचा विकास केला. बेन्सन यांचे नाव या प्रकारच्या बाष्पित्रास आजही लावले जाते. प्रत्यक्ष व्यापारी तत्त्वावर चालणारा अतिक्रांतिक संच मात्र अमेरिकेत ओहायओ राज्यातील फायलो येथे १९५७ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता सु. १२५ मेवॉ. होती. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील एडिस्टोन येथे त्याहून मोठा संच उभारण्यात आला. त्या काळच्या धातूंना इतके तापमान व दाब सोसत नसल्याने या संचांत वारंवार बिघाड होत आणि १९७० नंतर अमेरिकेतील उत्साह ओसरला. जर्मनी व जपान येथे धातुविज्ञानाची प्रगती झाल्यावर हे तंत्र विश्वसनीय झाले. एका देशात सुचलेली कल्पना दुसऱ्याने मोठ्या प्रमाणावर अजमावली व पहिल्याने ती पुन्हा सुधारली, असा हा क्रम आहे.

भारतात हे दोन प्रवाह एकत्र आले, ते भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या द्वारे. या कंपनीने १९७० नंतरच्या काळात बाष्पित्रांसाठी अमेरिकेच्या कंबश्चन एंजिनिअरिंग कंपनीशी आणि टरबाइनांसाठी पश्चिम जर्मनीच्या क्राफ्टव्हेर्क युनियन या सीमेन्सच्या उपकंपनीशी तांत्रिक सहकार्याचे करार केले. चंद्रपूर येथील ५०० मेवॉ.चे संच याच कंपनीचे आहेत. विदर्भातील कोळसा अमेरिकन धाटणीच्या बाष्पित्रात जळावा व त्याच्या वाफेवर जर्मन धाटणीचे टरबाइन फिरावे, असा योग येथे जुळून आला. तिरोड्याचे संच त्यापुढील पिढीचे म्हणजे अतिक्रांतिक असून त्यांची मुख्य यंत्रसामग्री चिनी बनावटीची आहे. अमेरिका व जर्मनी यांच्याकडून परवाने घेऊन शिकलेल्या चीनने नंतर हीच सामग्री स्वस्तात निर्यात केली. तंत्रविद्येच्या प्रसाराचा हा टप्पाही लक्षात घेण्याजोगा आहे.

हवा-प्रदूषण : रुरमधील आणि अमेरिकेच्या औद्योगिक पट्ट्यातील आरंभीचे धोरण उंच धुरांडी बांधण्याचे होते. त्यामुळे केंद्राजवळच्या गावांतील हवा सुधारली, तथापि सल्फर डाय-ऑक्साइड वायू दूरवर वाहून जाऊन पावसात मिसळू लागला. अम्लवर्षेमुळे स्वीडन, नॉर्वे, कॅनडा व अमेरिकेचा ईशान्य भाग येथील तळी निर्जीव होऊ लागली, तर जर्मनीत १९८० च्या सुमारास अरण्ये वाळू लागल्याच्या वार्तांनी मोठी खळबळ उडाली. धूर उंच सोडल्याने तो नाहीसा होत नाही, हा धडा दोन्ही देशांना एकाच दशकात मिळाला.

दोघांनी काढलेले उपाय मात्र भिन्न होते. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या ज्वलनसंयंत्रांसाठी कडक वटहुकूम काढला आणि ठरावीक मुदतीत प्रत्येक मोठ्या केंद्राने धूर चुनखडीच्या निवळीने धुऊन घ्यावा किंवा केंद्र बंद करावे, असे बंधन घातले. थोड्याच वर्षांत बहुतेक केंद्रांनी अशी संयंत्रे बसविली. त्यांतून मिळणारे जिप्सम बांधकामासाठी वापरले जाऊ लागले. अमेरिकेने १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली दुरुस्ती करून निराळा मार्ग धरला. देशातील एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालून तिचे परवाने केंद्रांना वाटले व त्यांच्या खरेदी-विक्रीस मुभा दिली. ज्या केंद्रास प्रदूषण कमी करणे स्वस्त पडे, ते अधिक कपात करून उरलेले परवाने विकू शके. १९९५ पासून अमलात आलेल्या या पद्धतीने अपेक्षेपेक्षा कमी खर्चात उद्दिष्ट साधले.

भारतात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डाय-ऑक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे, धूलिकण व पाणीवापर यांच्या मर्यादा ठरवून दिल्या. त्यांचे स्वरूप जर्मन पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक संचावर बंधन घालणारे होते. परंतु त्यांच्या पूर्ततेची मुदत वारंवार वाढविण्यात आली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून व प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या केंद्रांना, धुरांड्याच्या उंचीची अट पाळल्यास, सल्फर डाय-ऑक्साइडच्या मर्यादेतून सूट देण्यात आली. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण अल्प असते व धूर धुण्याच्या संयंत्राचा खर्च शेवटी ग्राहकावर पडतो, हा या सुटीमागील युक्तिवाद होय. त्याविरुद्ध असे दाखवून दिले जाते, की या वायूपासून हवेत सूक्ष्म सल्फेट कण बनतात व ते शेकडो किमी. दूर जातात, म्हणून केंद्र शहरापासून दूर आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. उंच धुरांड्यांचा रुर व ओहायओ येथील अनुभव या वादात अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

हवामानविषयक धोरणे : हवामानबदलाच्या प्रश्नावर दोन्ही देशांतील संबंध सहकार्य व दुरावा यांच्यात हेलकावे खात राहिले आहेत. १९९७ च्या क्योटो करारात परवान्यांच्या व्यापाराची कल्पना घालण्याचा आग्रह अमेरिकेचा होता. यूरोपीय राष्ट्रे तिच्याकडे संशयाने पाहत होती. पुढे अमेरिकेने करारास मान्यता देण्याचे नाकारले. जुलै २००१ मध्ये जर्मनीतील बॉन येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकेवाचून करार तगविण्यात यश आले. २००५ पासून यूरोपीय संघाने उत्सर्जन-परवान्यांचा जो बाजार सुरू केला, तो मूळ अमेरिकन कल्पनेवर आधारलेला होता. कल्पनेची जननी बाजूस राहिली व तिचा विरोधकच तिचा पालनकर्ता झाला.

उलट दिशेचे उदाहरण सौर विजेचे आहे. सिलिकनाचा व्यवहार्य सौर घट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. लहान उत्पादकांची वीज खरेदी करण्याचे बंधन वीज कंपन्यांवर घालणारा कायदाही अमेरिकेने १९७८ मध्ये केला होता. जर्मनीने १९९० मध्ये याच प्रकारचा कायदा केला आणि २००० मध्ये तो अधिक व्यापक करून प्रत्येक उत्पादकास वीस वर्षे निश्चित दर देण्याची हमी दिली. या हमीमुळे निर्माण झालेल्या मागणीने व चिनी कारखानदारीने सौर पट्ट्यांच्या किमती इतक्या खाली आणल्या, की त्या भारतासारख्या देशांच्याही आवाक्यात आल्या. त्यासाठी लागलेला पैसा मुख्यतः जर्मन वीजग्राहकांच्या खिशातून गेला.

२०१५ च्या पॅरिस करारास दोन्ही देशांनी २०१६ मध्ये मान्यता दिली. अमेरिका ४ नोव्हेंबर २०२० रोजी करारातून बाहेर पडली, १९ फेब्रुवारी २०२१ रोजी परतली आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश तिच्या अध्यक्षांनी काढला. जुलै २०२१ मध्ये चान्सलर आंगेला मेर्केल यांच्या वॉशिंग्टन भेटीत जाहीर झालेली ‘हवामान व ऊर्जा भागीदारी’ हा दोन देशांतील या विषयावरील महत्त्वाचा करार होय. तथापि निवडणुकीगणिक बदलणाऱ्या धोरणावर दीर्घ मुदतीचे सहकार्य उभारणे कठीण असते, हे त्यानंतरच्या घडामोडींनी दाखवून दिले.

इंधनसुरक्षा : रशियाकडून बाल्टिक समुद्राच्या तळाने नैसर्गिक वायू आणणारी दुसरी वाहिनी हा उभयतांतील मोठा वादविषय होता. जर्मनीने तीस व्यापारी प्रश्न मानले. अमेरिकेने ती यूरोपला परावलंबी करील, असे म्हणून २०१९ मध्ये निर्बंध लादले. जुलै २०२१ मध्ये तडजोडीचे संयुक्त निवेदन निघाले, परंतु युक्रेनवरील आक्रमणाच्या तोंडावर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी जर्मनीनेच तिची मान्यता-प्रक्रिया थांबविली. त्याच वर्षी डिसेंबरात व्हिल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप वायू उतरविण्याचे तरंगते स्थानक सुरू झाले व अमेरिका हा जर्मनीचा द्रवरूप वायूचा प्रमुख पुरवठादार बनला. टंचाईच्या त्या काळात जर्मनीने काही राखीव कोळसा-संचही तात्पुरते पुन्हा सुरू केले.

कोळशापासून निवृत्ती : अमेरिकेत २००५ च्या सुमारास निम्मी वीज कोळशापासून निर्माण होत असे, २०२३ मध्ये हे प्रमाण एक-षष्ठांशाच्या आसपास आले. जर्मनीत १९९० मध्ये ते निम्म्याहून अधिक होते, तर २०२४ मध्ये पाव हिश्श्याहून कमी झाले. शेवट सारखा असला, तरी मार्ग निराळे होते. अमेरिकेत शेल खडकातील स्वस्त वायूने कोळशास बाजारातून हटविले. त्यासाठी कोणताही राष्ट्रव्यापी कालबद्ध कायदा झाला नाही. जर्मनीत कामगार संघटना, उद्योगपती, पर्यावरणवादी व खाणप्रदेशांतील प्रतिनिधी यांच्या आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यावरून २०२० मध्ये झालेल्या कायद्याने उशिरात उशिरा २०३८ पर्यंत कोळशापासून वीजनिर्मिती बंद करण्याचे ठरले. पश्चिमेकडील लिग्नाइट केंद्रांसाठी ही मुदत पुढे २०३० वर आणण्यात आली. खाणप्रदेशांच्या पुनर्रचनेसाठी ४,००० कोटी यूरोंपर्यंत मदतीची तरतूद झाली आणि वयाची ५८ वर्षे पूर्ण केलेल्या कामगारांना निवृत्तिवेतनाच्या वयापर्यंत भत्ता देण्याची सोय करण्यात आली.

बाजाराने घडवून आणलेला बदल स्वस्त व वेगवान असतो; पण त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. अ‍ॅपालॅचिया पर्वतप्रदेशात खाण कंपन्या दिवाळखोरीत गेल्याने कामगारांचे निवृत्तिवेतन धोक्यात आले व ते वाचविण्यासाठी संसदेस २०१९ मध्ये कायदा करावा लागला. अ‍ॅरिझोना राज्यातील २,२५० मेवॉ.चे नॅव्हाहो केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा नॅव्हाहो व होपी या आदिवासी जमातींच्या उत्पन्नाचा एक मोठा स्रोत बंद पडला. जर्मन पद्धतीही निर्दोष नाही. ती महाग आहे आणि तिच्या मंद गतीवर टीका होते. हँबर्गजवळील मोरबुर्ख येथील अत्याधुनिक केंद्र २०१५ मध्ये सुरू होऊन २०२१ मध्येच बंद झाले, यावरून चुकीच्या वेळी केलेल्या गुंतवणुकीची किंमत कळते. रुरमधील शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. तरी खचलेल्या भूमीत पाणी साचू नये म्हणून तेथील पंप अनिश्चित काळपर्यंत चालू ठेवावे लागणार आहेत. हा खर्च भागविण्यासाठी खाणी बंद होण्यापूर्वीच, २००७ मध्ये, स्वतंत्र निधी स्थापण्यात आला होता.

भारताशी संबंध : दोन्ही देशांनी भारतातील औष्णिक केंद्रांची कार्यक्षमता वाढविण्यास साहाय्य केले. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास अभिकरणाच्या मदतीने राष्ट्रीय औष्णिक वीज निगमाने १९९४ मध्ये वीज-कार्यक्षमता व पर्यावरणसंरक्षण केंद्र स्थापन केले. जर्मनीच्या तांत्रिक सहकार्य संस्थेने केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाबरोबर जुन्या संचांच्या तपासणीचा कार्यक्रम राबविला. भारत–जर्मनी ऊर्जा मंच २००६ मध्ये सुरू झाला व मे २०२२ मध्ये जर्मनीने हरित विकासासाठी २०३० पर्यंत १,००० कोटी यूरोंचे साहाय्य देऊ केले. अमेरिकेचे उपर्युक्त अभिकरण मात्र २०२५ मध्ये गुंडाळण्यात आले. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली भारतातील काही अतिक्रांतिक कोळसा-केंद्रांनी नोंदणी मिळविली होती. कोळशाच्या केंद्रास ‘स्वच्छ’ म्हणावे काय, यावर तेव्हा मोठा वाद झाला. जुन्या पद्धतीच्या केंद्राशी तुलना केल्यास बचत खरी असते. परंतु केंद्रच न बांधण्याशी तुलना केल्यास ती उरत नाही.

तिरोडा : वैनगंगेच्या खोऱ्यातील हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर असून १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनानंतर ते गोंदिया जिल्ह्यात आले. धान हे येथील प्रमुख पीक असून मालगुजारी तलाव तसेच बोदलकसा, चोरखमारा यांसारखे जुने जलाशय यांवर बांध्यांचे ओलीत होत आले आहे. नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे वनक्षेत्रही जवळच आहे. येथील औद्योगिक क्षेत्रात अदानी समूहाने ६६० मेवॉ.चे पाच संच उभारले. पहिला २०१२ मध्ये व शेवटचा २०१४ मध्ये कार्यान्वित झाला. बहुतांश वीज सु. २५ वर्षांच्या करारांन्वये महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनीस दिली जाते आणि उच्चदाब वाहिन्यांनी ती वरोरा, कोराडी, अकोला व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) यांकडे जाते.

रुर वा अ‍ॅपालॅचिया यांप्रमाणे तिरोड्यास कोळशाची खाण नाही. कोळसा बाहेरून रेल्वेने येतो. सर्व संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला ७ कोटी ९२ लाख युनिट वीज निर्माण होईल. भारतीय कोळसा युनिटामागे सु. ०.६५ किग्रॅ. लागतो, असे धरल्यास दररोज सु. ५० हजार टन, म्हणजे सु. १३ मालगाड्या कोळसा लागेल. त्यात तिसरा हिस्सा राख धरली, तरी ती दिवसाला १७ हजार टनांच्या घरात जाते. २०१५ च्या नियमाप्रमाणे दर मेगावॉट-तासास ३.५ घ.मी. पाण्याची मर्यादा गृहीत धरल्यास पाण्याचा वापर कमाल २ लाख ७७ हजार घ.मी. होईल. हे पाणी वैनगंगेतून घेतले जाते, आणि याच नदीवरील धापेवाडा उपसा सिंचन योजनेवर परिसरातील शेतकऱ्यांचीही भिस्त आहे. नियमित पावसाच्या वर्षी हा प्रश्न जाणवत नाही. अवर्षणाच्या वर्षी वीज व धान यांत आधी कोणास पाणी द्यावे, हा धोरणाचा प्रश्न होतो.

इंधनसुरक्षेचा प्रश्नही येथे निराळ्या रूपाने उद्‌भवला. केंद्राच्या गरजेचा काही भाग चंद्रपूरजवळील लोहारा खाणपट्ट्यातून भागविण्याची योजना होती. परंतु ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या खाणीस संमती दिली नाही. सरकारी कोळसाही ठरल्यापेक्षा कमी मिळू लागला व महागडा कोळसा आणावा लागला. हा वाढीव खर्च कोणी सोसावा, यावर दीर्घकाळ दावे चालले. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ च्या एका महत्त्वाच्या निर्णयात देशांतर्गत कोळसा-वितरण धोरणातील बदल हा करारातील ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली येतो, असे ठरविले आणि २०२३ मध्ये तिरोडा केंद्रासंबंधीच्या प्रकरणातही कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. त्यामुळे भरपाईचा भार वितरण कंपनीमार्फत राज्यभरच्या ग्राहकांकडे वळला. जर्मनीत केंद्र लवकर बंद करण्याबद्दल कंपन्यांना भरपाई मिळाली, तर येथे ते चालू ठेवण्यातील वाढीव खर्चाबद्दल मिळाली. धोरण बदलले, की त्याचे मोल शेवटी सामान्य नागरिक देतो, ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे.

समान आव्हाने व मूल्यमापन : अमेरिकन–जर्मन अनुभवातून काही निष्कर्ष निघतात. अधिक कार्यक्षम यंत्राने कोळसा वाचतो, पण कोळशाचा प्रश्न त्याने पुढे ढकलला जातो, सुटत नाही. प्रदूषणाची मर्यादा ठरविण्याइतकेच तिची मुदत पाळणे महत्त्वाचे असते. सर्वांत मुख्य म्हणजे, ज्या गावाचा रोजगार, बाजारपेठ व कररूपी उत्पन्न एका केंद्राभोवती वाढले, त्याचा विचार केंद्र बंद होण्याच्या बऱ्याच आधी व्हावा लागतो. रुरमध्ये खाणी चालू असताना, १९६५ मध्ये, बोखुम येथे विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले होते. अ‍ॅपालॅचियासाठी त्याच वर्षी प्रादेशिक आयोग नेमला गेला, परंतु खाणींना पर्याय ठरेल असा उद्योग तेथे पुरेशा प्रमाणात उभा राहिला नाही.

हे निष्कर्ष तिरोड्यास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. भारतात दरडोई वीजवापर या दोन्ही देशांहून फार कमी आहे, विजेची मागणी वाढती आहे आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी भारताने २०७० ही मुदत जाहीर केली आहे. तरीही तिरोड्याच्या केंद्राचे पंचवीस वर्षांचे वीज-करार जर्मनीने कोळशाचा शेवट ठरविलेल्या २०३८ या वर्षाच्या आसपासच संपतात. तेव्हा करारांचे नूतनीकरण होईल, संच केवळ संध्याकाळच्या मागणीपुरते चालतील किंवा केंद्र हळूहळू बंद होईल, यांपैकी काहीही संभवते. प्रत्येक पर्यायात कामगारांचे कौशल्य, राखेचे ढीग, वैनगंगेचे पाणी व संपादित जमीन यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उपस्थित होणारच. त्याचे उत्तर आयत्या वेळी बाजाराकडून घ्यावयाचे, की आधी विचारपूर्वक ठरवावयाचे, हा निवडीचा प्रश्न ओहायओ व रुर यांच्यापुढे होता, तसाच तो धानाच्या या मुलखापुढेही आहे. निवड करण्यास त्याच्या हाती काही वर्षांचा अवधी आहे, हीच त्याची जमेची बाजू होय.